चार मिनिटांचा पाय

कन्हानच्या पुलावर माझा डावा पाय गेला. गेला म्हणजे जागेवरच होता, पायडलवर होता, फिरतही होता; पण माझा नव्हता. आधी करंगळी गेली, मग तळवा, मग घोट्यापर्यंत सगळं बधिर. बूट पायात आहे की मागे कुठे पडला तेही कळेना म्हणून वाकून पाहिलं, तर बूट आपला इमानदारीनं फिरत होता. सकाळचे साडेसहा झाले असतील. नदीवर धुकं, उजव्या अंगानं जबलपूरकडे जाणारे ट्रक, आणि मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, चुस्त चड्डी घालून, पोट आत ओढून सायकल हाकत होतो. वेग आपोआप कमी झाला. तेवढ्यात मागून कृष्णकांतजींचा आवाज आला, "सोंग नका करू जी, सुशीलभाऊ! पूल संपलाच आता!" हसत म्हणाले ते. आमच्या नागपुरात हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. पोरगं जेवत नसलं की सोंग, स्कूटर सुरू होत नसली की सोंग, जावई रुसला की सोंग. त्यात काही नसतं. पण मी ब्रेक दाबला, पाय खाली टेकवला, आणि रस्ता लागला की नाही तेच न कळल्यामुळे सायकलीसकट डाव्या बाजूला आडवा झालो.

लागलं काही नाही, कोपर खरचटलं. कृष्णकांतजींनी मला उठवून पुलापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसवलं, बुटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लेस केवढी आवळली जी! ढिली करा, येते पाय." लेस ढिली केली. घड्याळात पाहिलं, चार मिनिटं लागली. आधी मुंग्या आल्या, मग आग आग झाली, मग एकेक बोट परत आलं. "आला?" "आला." "मग घ्या चहा." एवढंच झालं. यात सांगण्यासारखं काही नाही हे मलाही कळतं. पण त्या चार मिनिटांत मला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली, अगदी तळाशी, बरंही वाटलं. खोटं काहून बोलू? वाटलं, होऊ दे, मलाही होऊ दे एकदाचं. मग पाय परत आला तेव्हा मी सुटलो म्हणून खूश झालो की निराश झालो, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आजार माझ्या बहिणीचा आहे. हर्षा, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. विजेच्या वायरीचं रबर उंदरानं कुरतडावं तसं या आजारात शरीर स्वतःच आपल्या नसांवरचं आवरण खातं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. मग मेंदूनं पायाला ऊठ म्हटलं तरी ते पायापर्यंत पोचतच नाही. आजाराला थोडक्यात एमएस म्हणतात. ऑफिसात मी सांगितलं की डिसेंबरात एमएससाठी सायकल चालवणार आहे, तर शेजारच्या टेबलावरचे मारोतराव म्हणाले, "एमएससीआयटी? तो कॉम्प्युटरचा कोर्स तर मी कधीचाच पास झालो. त्याच्यासाठी सायकल काहून चालवून राहिले?" घरी येऊन हर्षाला सांगितलं तर ती सगळ्यांत जास्त हसली. म्हणाली, "सांग त्याहिले, माही परीक्षा अजून चालूच आहे." कृष्णकांतजी रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांच्या पत्नीला हाच आजार अठरा वर्षं होता. त्या गेल्यापासून दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोकांना गोळा करून नागपूर ते पारशिवनी आणि परत, ऐंशी किलोमीटर सायकल चालवायला लावतात, आणि जी काही वर्गणी जमते ती या आजारावरच्या संशोधनाला पाठवतात. पारशिवनीच्या अलीकडे आमचं मूळ गाव. ऑगस्टमध्ये मी नाव दिलं. बायको, सुरुची, म्हणाली, "या वयात?" पण म्हणताना तिच्या डोळ्यांत कौतुक होतं. हेच तर दुखणं आहे. माझ्याकडे सगळे कौतुकानं पाहतात. शेजारच्या शोभाताई तर येता-जाता म्हणतात, "भाऊ असावा तर असा. हर्षीनं मागच्या जन्मी काहीतरी चांगलं केलं असंल." मी मान खाली घालतो, त्यांना वाटतं लाजलो.

टपरीवर चहा पिता पिता कृष्णकांतजी म्हणाले, "मी काय म्हणतो, यंदा झेंडी हर्षाताईच्या हातानं दाखवू. अन् तुम्ही माइकवर दोन शब्द बोला. घरच्या लोकायनं आजार कसा ओळखला, कसं सांभाळलं. लोकांले समजलं पाहिजे जी." मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय देणार? परत फिरलो, आणि कामठी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच, कसा ओळखला, कसा ओळखला. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. कसा ओळखला ते सांगू? आम्ही ओळखला नाही. दहा वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास ती शाळेतून घरी आली तीच एका पायात चप्पल घालून. प्राथमिक शाळेत शिकवायची ती तेव्हा. दारात उभी राहून म्हणाली, "दादा, माही चप्पल कुठी पडली, मले समजलंच नाही." आम्ही जेवणं होईपर्यंत हसत होतो. आई हसली, मी हसलो, तीही हसली. मग ती जिन्यात पडली. मग उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं आणि पंधरा दिवसांनी आपोआप दिसायला लागलं, म्हणून आम्ही चष्म्याच्या दुकानात नेऊन आणलं. मग उन्हाळा लागला. नागपूरचा मे महिना. ती कूलरसमोर बसली असली की चांगली असायची. स्वयंपाकघरात गॅसजवळ दहा मिनिटं उभी राहिली की ओल्या कपड्यासारखी गळून जायची. म्हणायची, "दादा, सगळं पांढरं पांढरं दिसून राहिलं." आणि माठाच्या गार पाण्यानं अंघोळ केली की पुन्हा टुणटुणीत, चालते, बोलते, पोरांच्या वह्या तपासते. काम सांगितलं की आजारी, अंघोळ केली की बरी! कोणालाही काय वाटंल? या आजारात उष्णतेनं असंच होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. तेव्हा मला कळत होतं ते एवढंच की ही आपल्याला बनवून राहिली आहे.

त्यात उमरेडचे पाहुणे आले. स्थळ चांगलं होतं, मुलगा कोळशाच्या खाणीत इंजिनिअर. मी महिनाभर धावपळ करून त्यांना घरापर्यंत आणलं होतं. दुपारचे चार, नेमकी लाइट गेली, कूलर बंद, घरात सात-आठ माणसं, आणि हर्षा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तीन पावलं आली आणि ट्रे सरळ मुलाच्या वडिलांच्या मांडीवर. ते बिचारे उठून नाचायला लागले. नंतर काय, 'कळवतो' म्हणून गेले ते गेले. मी दार लावलं आणि म्हणालो, "लग्न नाही करायचं तर तोंडानं सांग ना. हे सोंग कायले?" तो शब्द पहिल्यांदा तेव्हा आला. ती म्हणाली, "दादा, हात सुन्न झाला होता." मी म्हणालो, "हो, आमच्यासमोर बरा चालते तुहा हात!" मला राग लवकर येतो, आणि आला की मी बोलायला फार हुशार होतो. आईनं मध्ये पडून निदान केलं की कूलरची हवा बाधली, अंगात वात भरला, शेक दिला पाहिजे. मला ते पटलं असं नाही. पण मला तिला धडा शिकवायचा होता. हे मी आज पहिल्यांदा स्वतःशी असं नीट वाक्य करून म्हणतो आहे, कामठीच्या नाक्यावर, पुढे शेअर ऑटो अडकलेत म्हणून एक पाय खाली टेकून. मी माझ्या हातानं कूलरचा प्लग काढला, कूलरला गोणपाट गुंडाळलं आणि एकवीस दिवस, मे महिन्यात, बंद खोलीत तिच्या पायांना गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेक दिला. ती फरशीवर पडून राहायची. अधूनमधून भिंत धरून मोरीत जायची आणि नळाखाली डोकं धरायची, आणि मी आईला म्हणायचो, "पाह्य, मोरीत कशी बरोबर जाते!" पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शेकानं तेवढ्यापुरता त्रास वाढतो, आजार वाढत नाही, ते मनाला लावून घेऊ नका. चला, तेवढं तर त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. पण ते एकवीस दिवस तिनं काढले, ते कोण काढून घेणार?

आणि मग मारबत. नागपूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. पोळ्याच्या दिवशी आम्ही दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फांद्या आणि कागदाकापडाची एक कुरूप बाई, म्हणजे मारबत, मिरवत गावाबाहेर नेऊन जाळतो. वर्षाची सगळी पीडा तिच्यासोबत जाते. शहरात तिच्या मोठमोठ्या मिरवणुका निघतात, पण आमच्या गल्लीची आपली छोटी होती. बाबांनी गावाहून येऊन सुरू केलेली. पोरं थाळ्या बडवतात, एकजण पुढे ओरडतो आणि बाकीचे मागून साथ देतात. पुढे ओरडणारा मी. विसाव्या वर्षापासून मीच. माझा आवाज मोठा आहे. "खासी-खोकला—" "घेऊन जाय गे मारबत!" "ढेकणं-मोंगसे—" "घेऊन जाय गे मारबत!" मोंगसे म्हणजे डास. मग गमतीगमतीत रस्त्यावरचे खड्डे, गॅसचं सिलिंडर, ऑफिसचा साहेब. लोक हसले की मला आणखी सुचायचं. त्या वर्षी मिरवणूक आमच्या दारासमोर आली तेव्हा हर्षा फाटक दोन्ही हातांनी धरून उभी होती. मी तिला पाहिलं. पाहून ओरडलो, "हर्षीचे सोंगं—" आणि सगळी गल्ली एका दमात, "घेऊन जाय गे मारबत!" केवढा हशा झाला! शोभाताई पदर तोंडाला लावून गदगदा हलत होत्या. हर्षाचंही तोंड हलत होतं, मला वाटलं हसते आहे. एकदा झालं असतं तर तोंडातून निघून गेलं असं म्हणता आलं असतं. पण हशा आला म्हणून मी पुन्हा ओरडलो. दोनदा. तिच्याकडे पाहत.

तिच्याकडे शिकवणीला येणारी पोरं तिला सोंगताई म्हणायला लागली. आधी पाठीमागे, मग तोंडावर. दिवाळीपर्यंत शिकवणी बंद पडली, पुढच्या जूनपासून शाळाही सुटली. आणि आम्ही, म्हणजे मी, ती चालता चालता धडपडली की टीव्हीवरून नजर काढत नव्हतो. मारबतीनंतर पंधरा महिन्यांनी ती मोरीत पडली आणि उठलीच नाही, तेव्हा एमआरआय झाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा त्रास कधी झाला? मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात हर्षा स्ट्रेचरवरून म्हणाली, "आताच, दोन महिने झाले असतील." मी तिच्याकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. बाईंनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "हे डाग जुने आहेत. काही दोन वर्षांचे तरी असतील." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "औषध लवकर सुरू झालं असतं तर..." आणि वाक्य तसंच सोडून लिहायला लागल्या. ते वाक्य मी पुढे कधी पूर्ण होऊ दिलं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत मी तिच्यावर एकदाही आवाज चढवलेला नाही. तिला उचलतो, बसवतो, इंजेक्शन देतो, फेब्रुवारीतच कूलर काढून वाळ्याच्या नव्या ताट्या बसवतो. तो शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. सुरुची तर त्यानंतर लग्न होऊन आलेली, तिला यातलं काहीच माहीत नाही. आई गेली. शोभाताई विसरल्या, गल्लीही विसरली. आता हे माहीत असलेली माणसं दोनच, आणि आम्ही रोज एका ताटाशी बसून, तिला घास भरवताना, इकडचं तिकडचं सगळं बोलतो.

घरी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. हर्षा खिडकीशी खुर्चीत बसली होती, अंगावर शाल, चेहरा तरतरीत. हिवाळा तिचा मोसम आहे. दर रविवारी मी आलो की तिला सगळा रस्ता सांगावा लागतो. कुठे वळलो, कुठे चहा घेतला, कन्हानला पाणी किती होतं. ती डोळे मिटून ऐकते. त्या दिवशी मी पायाचं सांगितलं. तिनं पटकन डोळे उघडले. "खरंच? कसं वाटलं?" मी म्हणालो, "पाय होता अन् नव्हता." "हां!" ती म्हणाली, एखादं गाव दोघांनी पाहिलेलं निघावं तशी खूश होऊन. "बूट पडला काय म्हणून खाली पाहिलं असशीन." "पाहिलं ना." "अन् मग?" "मग लेस ढिली केली. चार मिनिटात आला." "चार मिनिटं!" ती हसायला लागली, हसता हसता खोकला आला, मी पाणी पाजलं. "चार मिनिटाचा पाय घेऊन आला माहा भाऊ," ती म्हणाली. मग मी झेंडीचं सांगितलं. ती हाताकडे पाहून म्हणाली, "हा उचलला तर दाखवतो बाप्पा. न उचलला तर?" आणि मग तसंच हाताकडे पाहत, "अन् तू काय बोलशीन दोन शब्दात?" मी म्हणालो, "पाहू." सुरुचीनं पोहे आणले.

तीन आठवडे राहिले होते. मी रोज पहाटे फुटाळा तलावाला चकरा मारल्या, रविवारी कन्हान, मग त्याच्या पुढे. पोट आत गेलं, मांड्या दगड झाल्या. आणि प्रत्येक चढावर मी भाषण रचत होतो. 'माझी बहीण फार धीराची आहे.' खरं आहे, पण तिला धीर धरायला कोणी लावलं? 'सुरुवातीला आमच्या लक्षात आलं नाही.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. किती साधं, किती गुळगुळीत. आमच्या लक्षात आलं नाही! लक्षात होतं ना सगळं, चप्पल लक्षात होती, हात लक्षात होता, अंघोळीनंतर चालणं लक्षात होतं. नुसतं लक्षातच होतं. सेमिनरी हिल्सच्या चढावर छाती फुटायला आली की वाटायचं, हां, असंच पाहिजे तुला. आणि उतारावर वारा लागला की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून शरम वाटायची. पाय दुखले पाहिजेत म्हणून मी सायकल चालवत होतो, आणि लोक म्हणत होते बहिणीसाठी चालवतो. माइकवर खरं बोलायचं की नाही हा प्रश्न नंतरचा. लोकांना सांगणं सोपं आहे, लोक टाळ्या वाजवतात. आधी तिला सांगायला पाहिजे होतं, आणि दहा वर्षांत ते एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नव्हतं. मोठा आवाज असलेला माणूस मी.

शनिवारी दुपारी सुरुची बाजारात गेली होती. मी हर्षाच्या पायापाशी बसून तिच्या पायाचा व्यायाम करत होतो. टाच हातात धरायची, पंजा मागे रेटायचा, वीस वेळा. अकराव्याला मी म्हणालो, "हर्षे, त्या साली मारबतीले..." आणि अडकलो. ती म्हणाली, "हो." नुसतं हो. मी तिच्या पंजाकडे पाहतच म्हणालो, "मी ओरडलो होतो. दोनदा ओरडलो होतो. तुह्याकडे पाहून. अन् कूलर मी बंद केला, आईनं नाही. मले माफ कर असं म्हणत नाही मी. पण मीच केलं वं ते." बाहेर भाजीवाल्याची गाडी लाउडस्पीकर लावून गेली. मग ती म्हणाली, "मी पण ओरडली होती."

मला समजलं नाही. "काय?"

"फाटकापाशी. सगळ्यायसोबत. 'घेऊन जाय गे मारबत.' दोन्ही वेळेस." तिची जीभ थोडी जड चालते आता, एकेक शब्द ठेवून बोलते. "मलेही वाटे का सोंगच आहे, दादा. तू म्हणत होता ना. तू काही खोटं बोलत नव्हता कधी. मी म्हणे, माह्या अंगात असंल काहीतरी असं, कामचुकार. म्हणून रोज सकाळी उठली का आधी पाय हलवून पाहे. वाटे, आज सोंग गेलं असंल. मारबतीच्या दुसऱ्या दिवशी तर एकदम बरं वाटलं होतं. गच्चीवर गेली होती मी, दोन वेळा, चढून-उतरून. मले वाटलं, घेऊन गेली."

मी तिच्या पायावर डोकं टेकलं. दहा वर्षं मी समजत होतो की माझ्या शब्दानं तिला दुखवलं. दुखवलं असतं तर ती माझ्यावर चिडली असती, भांडली असती, एकटी उठून दवाखान्यात गेली असती. तिनं तर माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या पायापेक्षा जास्त. मी रडलो, आवाज करून रडलो, रेड्यासारखा. ती वरून म्हणाली, "दादा, रडू नको गा. आता तुहं नाक पुसाले मले हात उचलावा लागन, तो मी उद्यासाठी राखून ठेवला आहे." आणि थोड्या वेळानं, "वीस झाले नाही अजून. अकराच झाले." मग मी राहिलेले नऊ केले.

रविवारी सकाळी कामठी रोडला लागण्याआधी जे शाळेचं मैदान आहे तिथे आम्ही जमलो. थंडी कडक होती. पंचेचाळीसेक सायकली, तोंडातून वाफा, शोभाताई थर्मास घेऊन आलेल्या, सुरुचीनं हर्षाची खुर्ची पुढे आणून लावलेली. कृष्णकांतजींनी माझी ओळख करून दिली, आदर्श भाऊ वगैरे, आणि माइक हातात दिला. मी एवढंच बोललो, "ही माझी बहीण हर्षा. दोन वर्षं हिचे हातपाय जात होते आणि मी त्याला सोंग म्हणत होतो. गल्लीत ओरडून म्हणत होतो. तुमच्या घरात कोणाच्या पायातून चप्पल पडली अन् त्याला कळलं नाही, तर हसू नका. डॉक्टरकडे न्या. बस." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुरुची माझ्याकडे अशी पाहत होती की जणू मला ओळखत नाही. शोभाताई थर्मासचं झाकण उघडबंद करत होत्या. कृष्णकांतजींनी माइक घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "हर्षाताई, दाखवा झेंडी."

आम्ही सायकलींवर बसलो, एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. हर्षाच्या मुठीत हिरवी झेंडी होती. हात मांडीवरच. पहिली दहा सेकंद लोक हसतमुख उभे होते. मग चुळबूळ सुरू झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "ताई लाजून राहिल्या." सुरुची हात धरायला पुढे झाली. मी ओरडलो, माझ्या त्याच आवाजात, "लाजत नाही ती! निरोप पोचून राहिला हातापर्यंत. थांबा!" सगळे थांबले. सुरुचीही थांबली. मैदानात इतकं शांत झालं की पलीकडून मेट्रो गेलेली ऐकू आली. हात मांडीवरून सुटला, थरथरला, पोटाशी आला, तिथेच अडकला. थांबलो. मग छातीशी. तिचा चेहरा लाल झाला होता, ओठ आवळलेले. मग एकदम खांद्याच्याही वर गेला, आणि झेंडी धरून ती माझ्याकडे पाहायला लागली. तिच्या डोळ्यांत लहानपणी माझ्या टिफिनमध्ये खडे भरून ठेवल्यावर असायचा तो खट्याळपणा होता. तिनं श्वास भरून घेतला आणि जड जिभेनं, पण मैदानभर ऐकू जाईल असं ओरडली, "घेऊन जाय गा, मारबत!"

नागपूरची माणसं ती. ही हाक ऐकून गप्प बसतील? पंचेचाळीसच्या पंचेचाळीस जणांनी हसत, घंट्या वाजवत एका दमात साथ दिली, "घेऊन जाय गे मारबत!" त्यांना वाटलं, आजाराला म्हणते आहे. मला म्हणत होती; बाईला म्हणतात तसं 'गे' नाही, पुरुषाला म्हणतात तसं 'गा' म्हणाली होती. मी पायडल मारला. मागे वळून पाहिलं नाही, डोळ्यांनी काही दिसतही नव्हतं. कन्हानच्या पुलावर डावा पाय पुन्हा गेला, आणि या वेळी लेस ढिली करायला मी थांबलो नाही. मारबतीला गावाबाहेर नेलं की तिथेच जाळतात, परत आणत नाहीत. मला मात्र दुपारी दोनपर्यंत परत यायचं होतं. तिचा व्यायाम राहिला होता.